गिटारच्या पडद्यांवरील बाराखडी

शीव कोळीवाड्याच्या वस्त्यांमध्ये हळदीच्या रात्री अथवा मिरवणुकीच्या दिवशी जे वाद्य सर्वांत आधी कानी पडते, त्याला आपल्याकडे बेंजो म्हणतात. पाश्चात्त्य बँजोशी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे. जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. त्याचेच भारतीय रूप म्हणजे बुलबुल तरंग, अर्थात आपला बेंजो. डाव्या हाताने कळ दाबावयाची आणि उजव्या हाताने तार छेडावयाची, अशी त्याची रचना. मुंबईच्या वादकांनी त्याला विजेचा पिकअप जोडला आणि ढोल-ताशांच्या गजरातही गाण्याची चाल स्वच्छ ऐकू येईल असे मुख्य वाद्य त्यातून घडविले. पाश्चात्त्य वाद्यवृंदात जे काम लीड गिटार करते, म्हणजे चाल पुढे नेणे, दोन कडव्यांमधील जागा भरणे, ऐकणाऱ्याचे लक्ष धरून ठेवणे, तेच काम आपल्या गल्लीत बेंजो करीत आला आहे. त्यामुळे आजचा विद्यार्थी लीड गिटार हाती घेतो, तेव्हा तो परक्या घरात पाऊल टाकीत नाही.

मात्र या दोन्ही वाद्यांच्या वादकांमध्ये एक समान उणीव आढळते. बहुतेकांचे शिक्षण कानाने आणि बोटाने झालेले असते. ऐकलेले गाणे ते अल्पावधीत बसवितात. परंतु गायकाने ऐनवेळी “आज आवाज बसला आहे, काळी चारमध्ये घ्या” असे म्हटले, की पांढरी सहामध्ये पाठ केलेली बोटे जागच्या जागी थांबतात. वास्तविक उत्तर अवघ्या एका पडद्यावर असते. ते दिसत नाही, कारण बोटांना जागा ठाऊक असतात, जागांची नावे ठाऊक नसतात. ही नावे आणि त्यांच्यातील अंतरे म्हणजेच संगीताचे प्राथमिक शास्त्र होय. ते अवघड नाही. मात्र ते टाळणारा वादक आयुष्यभर दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहतो. म्हणून प्रस्तुत लेखात तंत्र आणि शास्त्र ही दोन्ही एकत्र मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

एक तार, बारा पायऱ्या

ताणलेली तार नेमकी अर्धी केली, की तिची कंपने दुप्पट होतात आणि तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. गिटारचा १२वा पडदा याच मध्यबिंदूवर असतो. अनेक विद्युत गिटारींमध्ये तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर असते. तिचा १२वा पडदा ३२४ मिलिमीटरवर येतो. तारेचा दोन तृतीयांश भाग वाजता ठेवला तर पंचम मिळतो. त्याची जागा ७वा पडदा. तीन चतुर्थांश भाग वाजता ठेवला तर मध्यम मिळतो. त्याची जागा ५वा पडदा. मोजपट्टी घेऊन कोणत्याही गिटारवर हे पडताळून पाहता येते. विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे, कारण स्वर ही कोणा एकाची गूढ देणगी नसून मोजता येणारी गोष्ट आहे, ही खात्री शिकणाऱ्याला धीर देते.

सा ते वरचा सा या अंतराचे बारा समान भाग केले, की एका पडद्याहून पुढच्या पडद्यावर जाताना कंपने सुमारे १.०५९५ पट होतात. हार्मोनियमच्या पांढऱ्या सात आणि काळ्या पाच पट्ट्या म्हणजे हेच बारा स्वर. मराठी शिकताना आपण बाराखडी गिरवितो, तशीच ही स्वरांची बाराखडी. समान भाग केल्यामुळे काही स्वर नैसर्गिक जागेपासून किंचित सरकतात. गिटारचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. या तडजोडीचा लाभ असा, की कोणत्याही पट्टीत तीच बोटे चालतात.

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन अशा लावतात. इंग्रजी नावे अनुक्रमे ई, ए, डी, जी, बी, ई. सर्वांत जाड तार सहावी आणि सर्वांत बारीक तार पहिली मानतात. जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर बारीक सुमारे ३३० वेळा. म्हणजे दोन सप्तकांचे अंतर. सहाव्या तारेचा ५वा पडदा आणि मोकळी पाचवी तार एकच स्वर देतात. याच रीतीने पुढच्या तारा जुळवाव्यात. अपवाद एकच: तिसऱ्या तारेचा ४था पडदा हा मोकळ्या दुसऱ्या तारेशी जुळतो.

आता जाड तारेवर बाराखडी म्हणून पाहावी. मोकळी तार पांढरी तीन, १ला पडदा पांढरी चार, २रा काळी तीन, ३रा पांढरी पाच, ४था काळी चार, ५वा पांढरी सहा, ६वा काळी पाच, ७वा पांढरी सात, ८वा पांढरी एक, ९वा काळी एक, १०वा पांढरी दोन, ११वा काळी दोन आणि १२व्यावर पुन्हा पांढरी तीन. पांढरी सहाहून काळी चार एकच पडदा मागे आहे, हे आता उघड होईल. सर्व बोटे एक पडदा मागे घेतली, की गायकाची मागणी पूर्ण झाली.

शुद्ध स्वरांच्या सप्तकाचे सूत्रही याच बाराखडीतून निघते. सा पासून दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक इतके पडदे क्रमाने पुढे गेले, की सा रे ग म प ध नी सा उमटतात. कोणत्याही पडद्यास सा माना, सूत्र तेच राहते.

पाच स्वर, पाच चेहरे

लीड गिटारचा पहिला पाठ बहुधा पाच स्वरांच्या सप्तकाने होतो. इंग्रजीत त्यास मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात. पांढरी सहास सा मानून त्याची मांडणी अशी होते:

सहावी तार: पडदे ५ आणि ८: सा, ग
पाचवी तार: पडदे ५ आणि ७: म, प
चौथी तार: पडदे ५ आणि ७: नी, सा
तिसरी तार: पडदे ५ आणि ७: ग, म
दुसरी तार: पडदे ५ आणि ८: प, नी
पहिली तार: पडदे ५ आणि ८: सा, ग

येथे ग आणि नी कोमल आहेत. आपल्या संगीतात हे धानी रागाचे स्वर होत. गंमत पुढेच आहे. बोटे तीच ठेवून या कोमल गंधारास सा मानले, की भूपाचे स्वर हाती येतात. मध्यमास सा मानले तर मध्यमाद सारंग, पंचमास मानले तर मालकंस आणि निषादास मानले तर दुर्गा. आपल्या शास्त्रात याला मूर्च्छनाभेद म्हणतात. गिटारच्या पुस्तकांत जे पाच चौकोन स्वतंत्रपणे पाठ करावयास सांगितलेले असतात, ते मुळात याच पाच स्वरांचे पाच प्रारंभ आहेत. अर्थात स्वर समान असले म्हणून राग उभा राहत नाही; त्यासाठी चलन, न्यासाचे स्वर आणि वक्रता यांचा अभ्यास लागतो. तथापि पाच वेगळ्या गोष्टी पाठ करण्याऐवजी एकच गोष्ट पाच बाजूंनी पाहिली, तर स्मरणावरचा भार पुष्कळ हलका होतो.

डाव्या हाताची कामे

लीड गिटारची मुख्य तंत्रे भारतीय कानाला अपरिचित नाहीत. बेंड म्हणजे मींड. तिसऱ्या तारेचा ७वा पडदा, म्हणजे मध्यम, तिसऱ्या बोटाने दाबावा, मागे पहिले आणि दुसरे बोट आधाराला ठेवावे आणि मनगट फिरवून तार जाड तारांच्या दिशेने ढकलावी. मध्यम चढत चढत पंचमाला पोहोचला पाहिजे. तो पोहोचला की नाही हे दुसऱ्या तारेच्या ५व्या पडद्यावरील पंचमाशी ताडून पाहावे. दोन्ही एकरूप झाले तरच मींड खरी. दोन पडदे इतका स्वर चढविण्यासाठी तारेचा ताण सुमारे सव्वापट करावा लागतो; म्हणून आरंभी बोटे दुखतात, आणि म्हणूनच केवळ बोटाच्या नव्हे तर मनगटाच्या बळाचा उपयोग करावा.

व्हायब्रेटो म्हणजे स्वराचे आंदोलन. त्याची गती तालाशी सुसंगत असावी. घाईने केलेली थरथर स्वर अस्थिर करते. हॅमर-ऑनमध्ये पुन्हा तार न छेडता दुसरे बोट पुढच्या पडद्यावर आदळून स्वर काढतात, तर पुल-ऑफमध्ये बोट उचलताना तारेस हलकेच ओढून मागचा स्वर काढतात. सतारीतील कृंतन याच जातीचे आहे. स्लाइड म्हणजे घसीट. उजव्या हाताने पिक एकदा खाली, एकदा वर असा अखंड चालवावा. सतारीच्या दा-रा बोलांचे भान ठेवल्यास लय आपोआप सुधारते.

साथीचे भान

एकाच वेळी वाजणाऱ्या तीन स्वरांच्या गटाला कॉर्ड म्हणतात. ए मायनरमध्ये पांढरी सहा, एक आणि तीन. एफमध्ये चार, सहा आणि एक. सीमध्ये एक, तीन आणि पाच. जीमध्ये पाच, सात आणि दोन. या चार कॉर्डवर असंख्य गाणी उभी आहेत, आणि वर दिलेली पाच स्वरांची मांडणी चारही कॉर्डवर चालते. मग चांगला वादक आणि सामान्य वादक यांत फरक कोठे पडतो? विसाव्याच्या स्वरात. साथ एफवर आली असता पांढरी सहा किंवा एकवर थांबावे. जीवर आली असता पाच किंवा दोनवर थांबावे. वेगाने स्वर वाजविणाऱ्यापेक्षा योग्य ठिकाणी थांबणारा वादक अधिक काळ लक्षात राहतो. १९७१ च्या ‘हरे राम हरे कृष्ण’ चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गाण्याची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजविली होती. पुढे ते गझलगायक म्हणून प्रसिद्धी पावले. ते वादन या दृष्टीने पुन्हा ऐकावे.

लिहिता-वाचता येण्याचे मोल

इतिहासाचा अभ्यासक म्हणून एका मुद्द्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. गावगाड्यात हलगी, सनई, तुतारी ज्यांच्या हाती होती, त्यांच्या हाती संगीताचे शास्त्र नव्हते. वादन हे जातीचे काम ठरले. त्या कौशल्याला ना ग्रंथात स्थान मिळाले, ना वादकाला मान. घराण्यांतही अनेक बंदिशी घरापुरत्या राखल्या जात. मुंबईत वाळकेश्वर येथे जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी अशा बंदिशी जमवून स्वरलिपीत छापल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ज्ञान कागदावर आले, की ते मागण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

याचा दुसरा पुरावा मुंबईच्या चित्रपटसंगीतात सापडतो. गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास शिकविली जाई. ती मुले रोजगारासाठी मुंबईत आली, तेव्हा त्या साक्षरतेने त्यांना ध्वनिमुद्रणाच्या दालनांत जागा मिळवून दिली. संगीतकाराची चाल अनेक वाद्यांसाठी कागदावर उतरविणारे सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक त्यांतून घडले. माजोर्डा येथे जन्मलेले व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे घेतले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील प्रसिद्ध गाण्यात त्या गुरूचे नाव गुंफले गेले. हात तयार असलेले वादक मुंबईत पुष्कळ होते. कागद वाचू शकणाऱ्यांना मात्र पडेल ते काम स्वीकारावे लागले नाही.

आज गिटारसाठी टॅब नावाची सोपी लिपी उपलब्ध आहे. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा, रेघेवरचा आकडा म्हणजे पडदा. ती लवकर येते. परंतु साध्या टॅबमध्ये स्वराचे नाव नसते आणि बहुधा कालावधीही नसतो. म्हणून टॅबच्या खाली सरगम आणि मात्रा लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

सरावाची शिस्त

रोज अर्धा तास पुरे, पण तो रोज असावा. पहिली दहा मिनिटे मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्याला दोन स्वर, वर दिलेल्या मांडणीत चढत आणि उतरत. सलग तीन वेळा निर्दोष वाजल्याशिवाय गती वाढवू नये. पुढील दहा मिनिटे मींड आणि आंदोलन, तेही कानाने पारखून. शेवटची दहा मिनिटे एखादी ओळखीची चाल. वाजविताना स्वरांची नावे मोठ्याने म्हणावीत. प्रथम हे कंटाळवाणे वाटते. महिन्याभरात नावे आणि जागा एक होतात.

पालकांनी गिटारकडे अभ्यासातील अडथळा म्हणून पाहू नये. अपूर्णांक, गुणोत्तर, ध्वनी, भाषा आणि नित्यनेम इतके विषय या सहा तारांवर एकत्र येतात. वाद्य नसेल तर जुनी, साधी गिटारही चालते. पडदे सरळ आणि तारा दाबावयास हलक्या असल्या म्हणजे झाले.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक गृहपाठ. आपल्या गल्लीत बेंजोवर वाजणारी एखादी चाल निवडा. ती ऐकून तिची सरगम वहीत उतरवा आणि मग पांढरी सहा, काळी चार आणि पांढरी एक अशा तीन पट्ट्यांत गिटारवर वाजवा. आपले जे माजी विद्यार्थी आज बेंजो पार्टीत वाजवितात, त्यांनी सुटीच्या दिवशी वसतिगृहात येऊन या मुलांना चाली ऐकवाव्यात आणि त्यांच्या वहीतील सरगम तपासून द्यावी. ज्या चाली आजवर केवळ बोटांत राहिल्या, त्यांची पहिली वही आपल्या शाळेतून तयार व्हावी.