घाणेरी : बागेतील आणि रानातील

वसई-विरार परिसरातील रोपवाटिकांमध्ये ‘लँटाना’ या नावाने एक फुलझाड विकावयास ठेवलेले असते. पिवळ्या, नारिंगी, गुलाबी आणि जांभळ्या फुलांचे गुच्छ त्यावर जवळजवळ वर्षभर दिसतात. रस्त्याच्या दुभाजकावर, कार्यालयांच्या आवारात व गृहसंकुलांच्या कुंपणालगत ते हौसेने लावले जाते. तेच झाड तालुक्याच्या पूर्वेकडील डोंगरपायथ्याच्या पाड्यांवर घाणेरी किंवा टणटणी या नावाने ओळखले जाते. तेथे ते कोणी विकत घेत नाही. ते तोडता तोडता माणसे थकतात. एकाच वनस्पतीला एका गावात मान मिळावा आणि चार कोसांवर तिच्या नावाने बोटे मोडली जावीत, हा प्रकार मोठा उद्बोधक आहे. सार्वजनिक बागा, शाळांची आवारे आणि पंचायतींच्या मोकळ्या जागा यांसाठी झाडांची निवड ज्यांच्या हाती असते, त्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

कमी पाण्यावर जगणाऱ्या फुलझाडांचा प्रश्न वसईत आलाच कसा, असे बाहेरच्या वाचकास वाटणे साहजिक आहे. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने आभाळ कोरडे असते. पश्चिमेकडील गिरीज, भुईगाव, निर्मळ, वाघोली, आगाशी या पट्ट्यात रेताड जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर आहे. विहिरी, रहाट आणि बावखले यांच्या आधारे येथील शेतकऱ्यांनी केळी, पानवेल, मोगरा व चाफा यांच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या फुलविल्या. हा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असल्यामुळे उपसा मर्यादेबाहेर गेला की विहिरीस खारेपणा येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून येथे जी चळवळ उभी राहिली, तिच्यात पाण्याच्या या उपशाचा प्रश्न महत्त्वाचा होता. पूर्वेकडे मुरूम आणि कातळ. तेथे पाणी साठत नाही, धावते. अशा स्थितीत जी बाग पिण्याच्या पाण्यात वाटेकरी होत नाही, तीच सार्वजनिक बाग म्हणून शोभते. घाणेरीचा विचार होतो तो याच कारणाने.

वाळवंटातील कीर्ती

घाणेरीची जन्मभूमी उष्णकटिबंधीय अमेरिका. लिनियस यांनी १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिले. भारतात ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झाड म्हणून आली. म्हणजे आज जिला आपण रानटी म्हणतो, ती मुळात बागेतूनच रानात गेली आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत साग व निरगुडी ही झाडे घाणेरीच्याच कुळात दाखविलेली आढळतात. अलीकडच्या वर्गीकरणात त्या दोघांना तुळशीच्या कुळात नेले आहे. शिक्षकांनी ही दुरुस्ती ध्यानी ठेवावी.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटी भागात, फिनिक्ससारख्या शहरांत, घाणेरी हे बागेचे मोठे आधारझाड मानले जाते. तेथे वर्षभरात जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडतो व उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या बरेच वर जाते. खडबडीत, केसाळ पान, खोल जाणारी मुळे आणि पाणी तुटल्यास पाने गाळून स्वस्थ बसण्याची वृत्ती यांमुळे हे झुडूप अशा उन्हातही तग धरते व पाणी मिळताच पुन्हा फुलते. थंडीच्या कडाक्यात फांद्या करपल्या, तर त्या छाटल्यावर वसंतात बुडापासून फुटवे येतात. तेथे घाणेरी फारशी त्रासदायक होत नाही, कारण पक्ष्याने टाकलेले बी कोरड्या वाळूत पडते आणि तेथेच संपते. झाड नळीच्या पाण्याच्या कक्षेबाहेर सहसा जाऊ शकत नाही.

आपल्याकडे हाच बंध तुटतो. चार महिन्यांच्या ओलाव्यात बी रुजते, पहिल्या पावसाळ्यात मूळ खोल जाते आणि नंतरचे आठ कोरडे महिने जे गवत व कोवळी रोपे जाळून टाकतात, तेच घाणेरीच्या पथ्यावर पडतात. वाळवंटात गुण ठरलेली काटकता येथे आक्रमणाचे साधन होते.

रानात काय घडते

एका गुच्छात वीस ते चाळीस लहान फुले असतात. फळे हिरवी, पिकल्यावर काळीजांभळी व चकचकीत होतात. बुलबुलासारखे पक्षी ती आवडीने खातात आणि बी दूरवर नेतात. उजेड पडलेली कोणतीही जागा, म्हणजे तोडलेल्या जंगलाची कड, रस्त्याचा काठ, खाणीचा उतार किंवा सोडलेले शेत, तिला चालते. एकदा दाट जाळी झाली की खाली उजेड पोहोचत नाही. शिवाय तिच्या पानांतून व मुळांतून जमिनीत उतरणारी द्रव्ये इतर बियांची उगवण मंदावतात. गवत जाते, रोपे जातात. उन्हाळ्यात वाळलेली जाळी आगीला वरपर्यंत चढण्यास शिडी पुरविते. आणि वणव्यानंतर सर्वांआधी बुडातून फुटते ती घाणेरीच.

२००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले तुंगारेश्वरचे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे वन वसई-विरारच्या उशाला आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांच्यामधील तो दुवा होय. शहरातील दुभाजकावरचे पिकलेले फळ आणि हे डोंगर यांत पक्ष्याच्या दृष्टीने काही मिनिटांचेच अंतर आहे. पाड्यांवरील कुटुंबांना याची झळ प्रत्यक्ष बसते : गुरांचा चारा आटतो, रानभाज्यांच्या जागा झाकल्या जातात, आणि हाती येते ते काटेरी सरपण.

गुरांबाबत तर विशेष सावधगिरी हवी. पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्ये असतात. एरवी जनावर त्या वासाला तोंड लावीत नाही. पण चाराटंचाईत, किंवा बाहेरगावाहून नव्याने आणलेले जनावर, ती खाते. मग रवंथ मंदावते, बद्धकोष्ठ होते, डोळ्यांत कावीळ दिसते आणि नाकपुडी व पांढऱ्या कातडीचे भाग उन्हाने भाजल्यासारखे सोलवटतात. अशा जनावरास तत्काळ सावलीत बांधून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास बोलवावे. कातडीवर नुसते तेल लावून आजार यकृतात वाढू देऊ नये. पिकलेली फळे खेड्यातील मुले खातात हे सर्वांस ठाऊक आहे, परंतु हिरवी फळे विषारी असतात. शाळेने ही गोष्ट मुलांना स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे.

तरीही लावावयाची असल्यास

वरील विवेचनावरून घाणेरी सरसकट वर्ज्य करावी, असा निष्कर्ष कोणी काढील. शहराच्या मध्यवर्ती बंदिस्त जागेत, जेथे माळी नियमित येतो, तेथे फळ न धरणारी संकरित जात लावण्यास या लेखकाचा विरोध नाही. मात्र ‘फळ न धरणारी’ हे रोपवाटिकेचे शब्द पुरेसे नाहीत. अशा जातींपैकी काहींना थोडी फळे येतातच, आणि काहींचा पराग रानटी झाडास उपयोगी पडतो. म्हणून आधी दोन-चार रोपे कुंडीत वाढवून एक हंगाम पाहावीत. हिरवे मणी दिसले तर ती जात नाकारावी. जमिनीलगत पसरणारी, जांभळ्या फुलांची दक्षिण अमेरिकन घाणेरी ही वेगळी जात आहे. उतारावरील माती धरून ठेवण्यास ती चांगली, पण ऑस्ट्रेलियात तीही तण ठरली आहे, हे विसरू नये. जंगलाच्या कडेच्या गावांत, म्हणजे महामार्गाच्या पूर्वेस, यांपैकी कोणतीही लावू नये असे स्पष्ट मत आहे.

लागवड सोपी आहे. फुले नसलेल्या, अर्धवट निबर फांदीचे दहा ते पंधरा सेंटिमीटरचे छाट घेऊन वाळूमिश्रित मातीत सावलीत लावावेत. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. जागा दिवसाकाठी किमान सहा तास उन्हाची हवी. सावलीत झाड उंच वाढते, फुलत नाही. दोन रोपांत साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर अंतर ठेवावे. वसईत या झाडाचा खरा शत्रू उन्हाळा नव्हे, तर जुलै महिना आहे. पाणी तुंबणाऱ्या जागी मुळे कुजतात. त्यामुळे सपाट वाफा न करता मातीचा उंचवटा किंवा उतार करावा आणि तळाशी मुरूम घालावा. पहिले वर्ष पावसाळ्यानंतर आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यावे. पुढे दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरते. शेणखत बेताचे असावे, कारण खत जास्त झाले की पाला माजतो. फुले नव्या फांदीवर येतात. म्हणून प्रत्येक बहर ओसरताच शेंडे छाटावेत. त्यायोगे पुढचा बहर लवकर येतो आणि चुकून धरलेली फळे पिकण्यापूर्वीच निघून जातात. छाटलेला पाला गुरांच्या वाटेवर टाकू नये. हातमोजे वापरावेत, काटे बारीक असले तरी खुपतात.

याच जागांसाठी आपली स्वतःची झाडे काही कमी नाहीत. पिवळ्या फुलांची काटेकोरांटी कुंपणास उत्तम आणि पाणी मागत नाही. निरगुडीला निळसर तुरे येतात, गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि घरच्या औषधात तिचा उपयोग आहेच. धायटी तर याच डोंगरांची. फेब्रुवारी-मार्चमध्ये, रान तपकिरी झालेले असताना, तिच्या लालभडक फुलांनी उतार पेटल्यासारखे दिसतात आणि मधमाश्यांची तेथे रीघ लागते. रोपवाटिकांत ती क्वचितच मिळते, ही खेदाची बाब आहे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांनी व शाळांनी तिचे बी गोळा करून रोपे तयार केल्यास ही उणीव दूर होईल.

शाळेसाठी एक निरीक्षण, पंचायतीसाठी एक काम

आवाराबाहेर घाणेरी असतेच. तिचा शिकविण्यास उपयोग करून घ्यावा. ब्राझीलमध्ये राहणारे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर यांनी १८७७ साली लिहून ठेवले आहे की, तेथील एका घाणेरीचे फूल तीन दिवस टिकते. पहिल्या दिवशी पिवळे, दुसऱ्या दिवशी नारिंगी, तिसऱ्या दिवशी जांभळे. आणि बहुतेक फुलपाखरे पहिल्या दिवसाच्या पिवळ्या फुलांकडेच जातात. जुनी, रंग बदललेली फुले गुच्छ लांबून दिसावा म्हणून टिकून राहतात आणि मध मात्र पिवळ्यांत असतो. विद्यार्थ्यांनी एका गुच्छास दोरा बांधून चार दिवस रंगांची नोंद करावी व सकाळच्या अर्ध्या तासात कोणत्या रंगाच्या फुलावर किती फुलपाखरे बसली ते मोजावे. यास खर्च काही नाही.

पंचायतीचे काम अधिक कष्टाचे आहे. घाणेरीवर कीटक सोडण्याचे प्रयोग भारतात १९२१ पासून झाले. १९४१ साली आणलेल्या एका ढेकणाने पाने खाल्ली खरी, परंतु पावसानंतर झाडे पुन्हा हिरवी झाली. वरून छाटल्याने किंवा जाळल्याने तर ती अधिकच फोफावते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू व सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र क्षेत्रात वापरलेली रीत त्यामानाने फलदायी ठरली. मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडावयाचे आणि संपूर्ण झुडूप उचलून उलटे ठेवावयाचे, म्हणजे मातीचा स्पर्श नसल्याने त्यास पुन्हा फुटवा येत नाही. हे काम फळे धरण्यापूर्वी करावे. मोकळ्या झालेल्या जागी त्याच पावसाळ्यात गवताचे बी व स्थानिक रोपे लावली नाहीत, तर जमिनीत पडून असलेले घाणेरीचे बी ती जागा परत घेते. पुढील दोन-तीन वर्षे नवी रोपे हाताने उपटावी लागतात, आणि नेमके हेच वर्ष-दोन वर्षांनी विसरले जाते. निघालेल्या काठ्या वाया जात नाहीत : कर्नाटकातील मलै महादेश्वर टेकड्यांवरील सोलिग कारागीर त्यांपासून खुर्च्या व टेबले बनवितात.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते व लोकांच्या सहभागाने नोंदवही ठेवावयाची असते. त्या नोंदवहीत गावाच्या शिवारातील घाणेरीच्या जागा, त्यांचे अंदाजे क्षेत्र आणि उपटणीचा महिना यांची नोंद केल्यास मे महिन्यात कामास सुरुवात करण्यासाठी मजूर व रोपे यांची तरतूद फेब्रुवारीतच करता येते.