वाद्य हेच आडनाव

पाश्चात्त्य संगीतातील बरोक कालखंड म्हणजे साधारणपणे १६०० ते १७५० ही दीडशे वर्षे. या काळातील व्हेनिसचा रचनाकार आंतोनियो विवाल्दी (१६७८–१७४१) जगाला परिचित आहे तो १७२५ साली प्रसिद्ध झालेल्या 'चार ऋतू' या व्हायोलिन-रचनांमुळे. परंतु त्याचे मोठेपण तेवढ्यावर संपत नाही.

विवाल्दीने सुमारे पाचशे कंचेर्तो लिहिले. कंचेर्तो म्हणजे एक वा अधिक प्रमुख वाद्ये आणि वाद्यवृंद यांच्यातील संवाद. बहुधा जलद, संथ व पुन्हा जलद अशा तीन भागांचा. यांपैकी दोनशेहून अधिक एकट्या व्हायोलिनसाठी आहेत. पण चेलो, बासरी, ओबो, मॅंडोलिन यांनाही त्याने अग्रस्थान दिले. बॅसून हे खर्जातले सुषिरवाद्य त्या काळी बहुतेक साथीपुरतेच असे. त्याच्यासाठी विवाल्दीचे ३९ कंचेर्तो आहेत. त्यांतील दोन अपूर्ण.

एवढी विविधता आली कोठून? याचे बरेचसे उत्तर व्हेनिसच्या 'पिएता' या अनाथालयात सापडते. टाकून दिलेली अर्भके येथे वाढत. १७०३ साली विवाल्दी येथे व्हायोलिनचा शिक्षक झाला. निवडक मुलींना गायन-वादनाचे शिक्षण मिळे. त्या जाळीआडून गात, वाजवीत आणि दूरदेशीचे प्रवासी ऐकावयास येत. १७१६ च्या 'युदिथा त्रिउम्फान्स' या बायबलकथेवरील संगीतरचनेत सेनापती होलोफर्नेससह सर्व पुरुषपात्रेही मुलींनीच गायिली. जशी वादक, जसा गळा, तशी रचना. शिक्षकच रचनाकार असल्याने हे साधले.

या मुलींना कुळ नव्हते, आडनाव नव्हते. वाद्य हीच त्यांची ओळख होई. 'व्हायोलिनची आन्ना मारिया' ही त्यांपैकीच एक. विवाल्दीने तिच्यासाठी कंचेर्तो लिहिले. पुढे ती त्याच संस्थेत शिक्षिका झाली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे असेल, पण हा इतिहास मला केवळ संगीताचा वाटत नाही. कला रक्तातच असावी लागते, असे आपण सहज बोलून जातो. आन्ना मारियाचे आईबाप कोण, हेच कोणास ठाऊक नव्हते. तिला मिळाले ते वाद्य, रियाज आणि तिच्या हाताला ओळखणारा गुरू. मात्र पिएतातील बहुसंख्य मुलींच्या वाट्याला शिवणकाम व घरकामच आले, हेही विसरता कामा नये. त्यांच्यात किती वादक होत्या, हे आता कधीच कळणार नाही.

— द्वितीय वर्ष कला