हरवलेल्या फाईलींचा माग : घरचा संगणक कोलमडल्यावर काय करावे, काय टाळावे

बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ सहकारी इंदूरला स्थायिक आहेत. निवृत्तीनंतरची सहा वर्षे त्यांनी एकाच कामाला वाहिली होती. ते काम म्हणजे आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत. गावोगावच्या आप्तांकडून मागविलेली माहिती, स्कॅन केलेली जुनी छायाचित्रे आणि दिवंगत पत्नीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांच्या ११ ध्वनिफिती असा सारा ऐवज घरच्या संगणकातील एकाच हार्ड डिस्कवर होता. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका रात्री वीज अचानक गेली आणि सकाळी संगणक सुरू होईना.

दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने सांगितले, "विंडोज बिघडली आहे, फॉरमॅट करून नव्याने टाकून देतो." आमच्या सहकाऱ्यांनी होकार दिला. दोन तासांनी संगणक नव्यासारखा चालू लागला. मात्र त्यात कुलवृत्तांत नव्हता, छायाचित्रे नव्हती आणि ओव्याही नव्हत्या. त्या संध्याकाळी त्यांचा दूरध्वनी आला तेव्हा काही क्षण त्यांना बोलताच येईना.

पुढे काय झाले ते ओघात येईलच. अशा प्रसंगी घाबरून केलेली कृती मूळ बिघाडापेक्षा अधिक घातक ठरते, हे ध्यानी यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

नेमके बिघडले काय?

"संगणक गेला" या दोन शब्दांत अनेक निरनिराळे बिघाड सामावलेले असतात. वीजपुरवठा करणारा पॉवर सप्लाय जळणे, रॅम सैल होणे, मदरबोर्ड निकामी होणे अथवा विंडोजच्या काही फाईली खराब होणे, यांपैकी कोणत्याही कारणाने संगणक बंद पडू शकतो. या सर्व प्रसंगी हार्ड डिस्क आणि तिच्यातील आपल्या फाईली बहुधा शाबूत असतात. कपाटाचे दार अडकले म्हणून आतील दागिने नाहीसे होत नाहीत, तसेच हे आहे.

म्हणून पहिला उपाय असा : संगणक पूर्ण बंद करून हार्ड डिस्क जाणकाराकडून बाहेर काढून घ्यावी आणि यूएसबी जोडणीच्या साध्या अडॅप्टरने दुसऱ्या चालू संगणकाला जोडावी. बऱ्याचदा सर्व फोल्डर जसेच्या तसे दिसतात व त्यांची प्रत करून घेता येते. डिस्क काढणे शक्य नसेल तर पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली वापरूनही फाईली वाचता येतात. आमच्या सहकाऱ्यांच्या बाबतीत एवढ्यावरच काम भागले असते, कारण त्यांची डिस्क सुस्थितीत होती. बिघडली होती ती केवळ विंडोज.

येथे एक दक्षता घ्यावयास हवी. अलीकडच्या अनेक संगणकांत डिस्क कूटबद्ध केलेली असते. विंडोजमध्ये या सोयीला बिटलॉकर असे नाव आहे. अशी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यास ४८ अंकी किल्ली विचारली जाते. ती पुष्कळदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. संगणक सुस्थितीत असतानाच ती शोधून कागदावर उतरवून लॉकरमध्ये ठेवावी.

पुसलेले खरोखर पुसले जाते का?

बँकेतील जुन्या खातेवह्या आठवा. वहीच्या आरंभी अनुक्रमणिका असे : अमक्याचे खाते अमक्या पानावर. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. फाईलीचा मजकूर डिस्कच्या निरनिराळ्या जागी चुंबकीय खुणांच्या रूपाने लिहिलेला असतो आणि कोणती फाईल कोठे आहे, याची नोंद एका स्वतंत्र सूचीत असते. आपण फाईल पुसतो तेव्हा सहसा सूचीतील नोंद तेवढी रद्द होते व ती जागा "मोकळी" ठरते. मजकूर मात्र तेथेच राहतो. त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत.

झटपट फॉरमॅटमध्ये जुन्या सूचीच्या जागी कोरी सूची येते, एवढेच. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट करताना सर्व डिस्कवर शून्ये लिहिली जातात आणि मग माग काढण्यास काही उरत नाही.

एसएसडी या नव्या साधनाचा स्वभावही निराळा आहे. तीत फिरणारी तबकडी नसते. कोणती जागा मोकळी झाली हे संगणक "ट्रिम" नावाच्या आज्ञेने तिला कळवितो आणि एसएसडी सवडीने ती जागा खरोखर साफ करते. विंडोज ७ पासून (२००९) ही आज्ञा प्रचारात आली. म्हणून एसएसडीवरून पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा जुन्या हार्ड डिस्कच्या मानाने फारच थोडी असते.

पहिले पथ्य : त्या डिस्कवर काहीही लिहू नये

वरील विवेचनातून एकच नियम निघतो. ज्या डिस्कवरील फाईली हरवल्या, तिचा वापर तत्क्षणी थांबवावा. फाईल शोधण्याचे सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नये. ज्या जागी आपली फाईल आहे, नेमक्या त्याच जागी ते सॉफ्टवेअर जाऊन बसू शकते. डिस्क "दुरुस्त" करणारी चेकडिस्कसारखी साधनेही या टप्प्यावर चालवू नयेत. ती सूची सुसंगत करतात, पण तसे करताना आपल्याला हवे असलेले दुवे तोडू शकतात.

शोधाचा क्रम

१. प्रथम साध्या जागा पाहाव्यात : रिसायकल बिन, ई-मेलमध्ये पूर्वी पाठविलेली जोडपत्रे, जुने पेन ड्राइव्ह व सीडी, भ्रमणध्वनी, नातलगांना पाठविलेल्या प्रती. ज्या फाईलीसाठी आपण व्याकूळ असतो ती कधी कधी भाच्याच्या ई-मेलमध्ये सुखरूप असते.

२. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे आरंभापासून अंतापर्यंत हुबेहूब नक्कल, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यावी. डिस्कवर काही जागा वाचता येत नसतील तर डीडीरेस्क्यू हे मोफत साधन उपयोगी पडते. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते आणि अवघड भागाकडे नंतर वळते. पुढील सर्व प्रयोग या नकलेवरच करावेत.

३. सूची बिघडली असेल तर टेस्टडिस्क व सूचीच नष्ट झाली असेल तर फोटोरेक ही मोफत साधने वापरता येतात. फोटोरेक सूचीकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाईलीच्या आरंभी ठराविक खूण असते. ती शोधत ते सर्व डिस्क चाळते. नाव फोटोरेक असले तरी लेख, तक्ते आणि ध्वनिफितीही ते शोधते. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये विंडोज फाईल रिकव्हरी हे साधन मोफत उपलब्ध केले.

४. सापडलेल्या फाईली नेहमी वेगळ्या डिस्कवर साठवाव्यात.

आमच्या सहकाऱ्यांना दूरध्वनीवरच संगणक बंद करण्यास सांगितले होते. त्या रविवारी त्यांच्या अभियंता पुतण्याने डिस्क काढून तिची नक्कल घेतली व फोटोरेक चालविले. रात्रभर काम चालले. सकाळी हजारो फाईली सापडल्या होत्या. पण एकीलाही मूळ नाव नव्हते, नावाच्या जागी नुसते क्रमांक! नाव सूचीत असते आणि सूची तर गेलेली. पुढचे तीन आठवडे ते एकेक फाईल उघडून पाहत होते.

मराठी फाईलींची एक विशेष अडचण

कुलवृत्तांताची फाईल सापडली, पण उघडल्यावर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे उमटली. मजकूर सडला असे समजून त्यांनी ती जवळजवळ टाकूनच दिली होती. वस्तुतः फाईल ठणठणीत होती.

युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलिखित होत असे. त्यात "क" हे अक्षर संगणकाच्या लेखी "क" नसतेच. ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते आणि फॉन्ट त्याला देवनागरी रूप देतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. मूळ फॉन्ट संगणकात बसविताच त्यांच्या पणजोबांचे नाव पडद्यावर पुन्हा देवनागरीत उमटले. असा मजकूर परिवर्तक सॉफ्टवेअरने युनिकोडमध्ये आणता येतो. जोडाक्षरे व रफार मात्र एकदा नजरेखालून घालावे लागतात. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टांतील लेखन आहे, त्यांनी हे रूपांतर वेळ असतानाच करून ठेवावे.

तज्ज्ञाकडे केव्हा जावे?

डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, ती पडलेली वा भिजलेली असेल, तर घरगुती उपाय करू नयेत. डिस्कची तबकडी सामान्यतः मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्या लहानशा अंशाइतक्या अंतरावर तरंगत असते. ते टोक तबकडीला घासू लागले, तर प्रत्येक वेळी वीज देताना थोडा मजकूर कायमचा खरवडला जातो. अशी डिस्क शीतपेटीत ठेवण्याचा सांगोवांगीचा उपाय तर मुळीच करू नये. आत दव धरते. अशी डिस्क धूलिरहित कक्ष असलेल्या संस्थेकडेच सोपवावी. खर्च मोठा असतो, म्हणून आधी लेखी अंदाज घ्यावा.

तज्ज्ञांचे कौशल्य कोठवर पोहोचते याचे एक उदाहरण आपल्याला जवळचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाच्या अवशेषांत एक होरपळलेली हार्ड डिस्क सापडली. तिच्यावर झेनॉन वायूच्या प्रयोगाची नोंद होती. तज्ज्ञांनी तिच्यातील सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळविली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

बँकेच्या ग्राहकांसाठी

हरवलेल्या कागदपत्रांपैकी पुष्कळ पुन्हा मिळू शकतात. खात्याचे उतारे बँकेकडून मिळतात. आयकर विवरणपत्रे व करकपातीचा तपशील आयकर विभागाच्या संकेतस्थळावर असतो. आधार, वाहन परवाना यांसारखे दस्तऐवज २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून घेता येतात. म्हणून शोधाची शक्ती प्रथम जे दुसरीकडे मिळणार नाही त्यावर खर्च करावी.

संगणक दुरुस्तीस देताना "माझ्या परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये" असे पावतीवर लिहून घ्यावे. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठविलेले असतील तर दुसऱ्या उपकरणावरून नेटबँकिंगचा पासवर्ड त्वरित बदलावा. "फाईली परत मिळवून देतो" असे सांगून संगणकाचा दूरस्थ ताबा किंवा ओटीपी मागणाऱ्या अनोळखी व्यक्तीस थारा देऊ नये. फसवणूक झाल्यास बँकेला व १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीला तत्काळ कळवावे. जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी ती पूर्ण पुसावी किंवा फोडून टाकावी. पुसलेले परत मिळते हे आता आपण जाणतोच, आणि ते इतरांनाही ठाऊक असते.

राखीव प्रत : खरा विमा

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रत्येक महत्त्वाच्या फाईलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. बाहेरची प्रत क्लाउडवर असेल किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीकडील डिस्कवर असेल. राखीव प्रतीची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. सतत जोडलेली राहिली तर विजेचा धक्का किंवा खंडणीखोर विषाणू दोन्ही प्रतींना एकाच वेळी गाठतो.

शिवाय प्रत उघडून पाहावी. १९९८ मध्ये पिक्सार या संस्थेत "टॉय स्टोरी २" या चित्रपटाच्या फाईली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या आणि राखीव प्रतही सदोष असल्याचे तेव्हाच उघडकीस आले. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत होती. तिनेच चित्रपट तारला. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड होय.

२०११ पासून ३१ मार्च हा दिवस जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. बँकेच्या माणसाला ही तारीख लक्षात ठेवण्यास सांगावे लागत नाही. वर्षाचा हिशेब मिटविताना आपल्या फाईलींचाही ताळेबंद घ्यावा.

आणि त्या ओव्या? ११ पैकी ९ मिळाल्या. उरलेल्या दोहोंच्या जागेवर नव्याने टाकलेल्या विंडोजच्या फाईली लिहिल्या गेल्या होत्या. आता त्या नऊ ध्वनिफितींच्या प्रती इंदूर, नागपूर आणि बंगळूर येथे तीन घरी आहेत. दर ३१ मार्चला आमचे सहकारी त्या उघडून पाहतात. "तपासणीसाठी," असे ते सांगतात. पण ऐकतात मात्र नऊच्या नऊ, अगदी शेवटपर्यंत.