डबा उघडता येतो का?

शाळा जूनमध्ये सुरू होते, पण बालवाडीची 'तयारी' म्हणून घरोघरी मार्चपासूनच पाटी-पेन्सिल बाहेर निघते. पोराचा हात धरून 'अ' गिरवून घेणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे हे बोल अनुभवाचेच समजा: ती मेहनत भलत्या जागी खर्च होते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेचीच असतात आणि तिसऱ्या वर्षी त्यांतली जेमतेम तीन-चार एक्स-रेत दिसू लागतात. अशा मनगटाकडून रेघेत अक्षर मागायचं, ते आलं नाही की 'लक्षच देत नाही' म्हणायचं! त्यापेक्षा त्याच हातांनी कणीक तिंबावी, मटार सोलावेत, बटणं लावावीत. माँटेसोरीच्या साधनांत बटणांच्या आणि नाड्यांच्या चौकटी आहेत, त्या काही शोभेसाठी नाहीत. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी ही विद्या आपल्याकडे रुजवली, त्याला शंभर वर्षं होत आली. आपण मात्र अजून पाटीलाच चिकटून आहोत.

खरी परीक्षा असते डब्याच्या सुट्टीत. चारही बाजूंनी खटके असलेला घट्ट डबा आपण कौतुकानं घेतो. तीन खटके कसेबसे निघतात, चौथ्याला मूल डबा पोटाशी धरून जोर लावतं, झाकण उडतं आणि भाजी मांडीवर. वर्गात पंचवीस मुलं, बाई एक, मावशी एक. प्रत्येक डब्यापर्यंत त्या पोचणार कधी? मूल उपाशी राहतं, आणि घरी आपण विचारतो, 'आज काय शिकवलं?' तीच गत रेनकोटच्या बटणांची आणि चड्डीच्या नाडीची. आणखी एक गोष्ट हमखास विसरते: घरी मूल 'शू आली' म्हणतं, इंग्रजी शाळेत बाई 'टॉयलेट' म्हणतात. घरचा शब्द बाईंच्या कानावर आधीच घालावा.

यावर लोक म्हणतात, शेजारची चिंगी वीसपर्यंत लिहिते, मुलाखतीत आमचं मूल मागे पडलं तर? बालवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या-मुलाखती बंद कराव्यात, असं यशपाल समितीनं १९९३ सालीच सुचवलं होतं. २०२० चं शैक्षणिक धोरणही या वयात खेळातूनच शिकणं धरतं. तरीही एखादी शाळा लिहून दाखव म्हणत असेल, तर मी त्या शाळेवरच फुली मारीन. सगळ्यांना ते परवडत नाही, जवळ दुसरी शाळा नसते, हे मान्य. पण तिथेही बोलकं, धीट मूल हात धरून गिरवलेल्यापेक्षा उजवंच ठरतं. नोकरी करणाऱ्यांना सकाळी वेळ नसतो, ही अडचण मात्र खरी आहे. आठ चौदाची लोकल गाठायची असताना पोराला सावकाश बूट घालू देणं कुणालाच जमत नाही; तो सराव रविवारी करावा.

आणि रडतंय म्हणून मागच्या मागे सटकू नये. तसं केलं की दुसऱ्या दिवसापासून मूल ओढणी सोडत नाही. 'डबा खाल्लास, गाणी झाली, घंटा झाली की मी येते' एवढं सांगून निघावं, आणि घंटेच्या दहा मिनिटं आधीच फाटकाशी येऊन उभं राहावं.