संख्यामालिका सोडवताना

बँकेच्या आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींना मी संध्याकाळी अंकगणित शिकवतो. ‘सर, माझं गणित कच्चं आहे,’ असं सांगत येणाऱ्यांनाही संख्यामालिकेचे मार्क हमखास मिळू शकतात, ही माझी खात्री आहे. पाढे यावेत आणि कागदावर नीट मांडायची सवय हवी, एवढंच.

१. आधी फरक लिहून काढा, तोंडी नको. ४, ९, १९, ३६, ६२ ही मालिका नुसती बघत बसलं तर काही सुचत नाही. खाली फरक लिहा : ५, १०, १७, २६. त्यांच्याखाली पुन्हा फरक : ५, ७, ९. आता पुढचा ११, म्हणून वरचा फरक ३७ आणि उत्तर ९९. फरकांच्या तिसऱ्या ओळीपर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

२. आकडे झपाट्याने वाढत असतील तर मोठ्या टोकाकडून बघा. ही सवय मला सगळ्यांत मोलाची वाटते. ५, ६, १४, ४५, १८४ घ्या. ५ चे ६ कसे झाले, याचे तर्क कितीही लढवता येतील. पण ४५ चे १८४? चौपट १८०, वर ४. मग १४ चे ४५ : तिप्पट ४२, वर ३. नियम हातात आला. १८४ ची पाचपट ९२०, वर ५, उत्तर ९२५. आकडा मोठा झाला की मिळवलेली संख्या किरकोळ ठरते आणि गुणाकार उघडा पडतो.

३. आकडे वर-खाली होत असतील तर एकाआड एक अशा दोन मालिका गुंफलेल्या आहेत का, ते आधी तपासा.

४. ‘चुकीचं पद ओळखा’ या प्रश्नाला मुलं उगाच घाबरतात. ८, १३, २१, ३२, ४७, ६३, ८३ चे फरक ५, ८, ११, १५, १६, २०. तीन-तीनने वाढणाऱ्या रांगेत १४ आणि १७ हवे होते, तिथे १५ आणि १६ आलेत. एक पद चुकलं की शेजारचे दोन फरक बिघडतात. त्या दोघांमधलं पद ४७, तिथे ४६ हवं.

५. तीसपर्यंतचे वर्ग आणि पंधरापर्यंतचे घन पाठच हवेत. ०, ७, २६, ६३ दिसताच ‘घनातून एक वजा’ हे ओठांवर यावं.

६. ‘दुसरं उत्तरही बसतंय’ म्हणणाऱ्याला गप्प करू नये. २, ४, ८ पुढे १६ येतं, तसं १४ही येतं. वर्तुळावरचे बिंदू एकमेकांना जोडत गेलं, तर आतले भाग जास्तीत जास्त १, २, ४, ८, १६ आणि मग चक्क ३१ होतात! मुलांची शंका गणिताच्या दृष्टीने रास्तच असते. परीक्षेत मात्र पर्याय बघावेत आणि सर्वांत साधा नियम धरावा.

७. बँक भरतीच्या आयबीपीएस पूर्वपरीक्षेत अंकगणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकीला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कापला जातो. पाऊण मिनिटात धागा सापडला नाही तर पुढे चला. पोलीस भरतीच्या लेखीत चुकीला मार्क कापत नाहीत, तिथे एकही गोल रिकामा ठेवू नका.