दिवाळीच्या आधीचा प्रयोग

मी मूळची घाटावरची, साताऱ्याकडची. १९८६ साली जिल्हा परिषदेची शिक्षिका म्हणून शहापूर तालुक्यात आले, मधली काही वर्षं मुरबाडला काढली आणि २०२१ साली निवृत्त होऊन इथेच राहिले. गेली बरीच वर्षं गावातल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना घेऊन अण्णा भाऊ साठ्यांची लोकनाट्यं बसवते आहे. त्यातून जे उमगत गेलं ते लिहिते. क्रम सुचेल तसा आहे.

१. अण्णा भाऊंची गोष्ट मी कित्येक वर्षं अर्धीच सांगत होते. १ ऑगस्टला शाळेत दोन तसबिरी मांडल्या जातात. १९२० साली त्याच तारखेला मुंबईत लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ, जन्मले. दोन हार, दोन नारळ आणि माझं एक ठरलेलं भाषण: दीड दिवस शाळेत गेलेला मुलगा किती मोठा लेखक झाला बघा! एका वर्षी पाचवीतल्या मुलीने विचारलं, “बाई, मग त्यांना वाचायला कोणी शिकवलं?” मी म्हटलं, “जिद्दीने शिकले.” ती गप्प बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं. खरं उत्तर मला नंतर वाचून कळलं. मुंबईतल्या दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, माटुंग्याच्या लेबर कॅम्पातले सोबती आणि मोर्चे ही त्यांची शाळा. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाऊन एका जूनमध्ये परतलेल्या एका मुलाने पाटीवर तीन अक्षरं काढून दाखवली. तिन्ही उलटी, आरशात दिसावीत तशी. मी ती पुसणार होते, तेवढ्यात लक्षात आलं. विटेच्या साच्यात मालकाच्या नावाची अक्षरं उलटीच असतात, विटेवर ती सुलटी उठतात. सात महिने त्याच्यासमोर तेवढंच पुस्तक होतं. त्या दिवसापासून “शाळाबाह्य” हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो.

२. “पायी चालत मुंबईला आले” हे वाक्य एका दमात म्हणण्यासारखं नाही. दुष्काळ, बेकारी आणि जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा मागे टाकून साठे कुटुंब १९३१च्या सुमारास वाटेगावहून मुंबईला पायी निघालं, तेव्हा तुकाराम दहा-अकरा वर्षांचा होता. पुस्तकात याला एक ओळ पुरते. मीही एकाच ओळीत सांगायची. मग २०२०चा मार्च आला. टाळेबंदी लागली आणि आसनगावजवळ मुंबई-नाशिक महामार्गावर माणसं चालताना दिसू लागली, कसाऱ्याच्या दिशेने, रात्रंदिवस. आम्ही काही शिक्षक पाणी आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन उभे राहायचो. एका बाईने चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीने बांधला होता आणि सुतळी बोटात रुतून तिथे रक्त सुकलं होतं. मी विचारलं, “मावशी, कुठवर?” म्हणाली, “जालना.” तिच्या मागे साधारण दहा वर्षांचा मुलगा. त्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी आणि पेटीवर दोरीने बांधलेला स्टो. पाणी पिताना त्याने पेटी खाली ठेवली नाही. एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने प्यायला. खाली ठेवली तर पुन्हा उचलवणार नाही, असं त्याच्या आईने सांगितलं. ते वर्ष अण्णा भाऊंच्या जन्मशताब्दीचं होतं. एक मुलगा नव्वद वर्षांपूर्वी मुंबईकडे चालत गेला आणि शंभरी भरायच्या वेळेला माणसं मुंबईपासून उलटी चालत होती, हे मी त्या रस्त्यावर उभी राहून पाहिलं. त्या १ ऑगस्टला शाळा बंद होती. भाषण झालं नाही. मला ते करताही आलं नसतं.

३. लोकनाट्य कुठे उभं राहायचं ते आपणच ठरवतं. आम्ही पहिल्यांदा ‘अकलेची गोष्ट’ बसवलं तेव्हा मी ते एका सभागृहात करायचं ठरवलं. पडदा, फोकस, दोन माइक. मुलं पाठ केलेलं म्हणत होती आणि समोरची माणसं पाहुण्यासारखी बसली होती. चूक माझी होती. मी त्याला नाटक समजले होते आणि तमाशा विसरले होते. अण्णा भाऊ घरच्या तमाशात वाढलेले. ढोलकी, हलगी, तुणतुणं हे त्यांच्या रक्तातलं. १९४४ साली बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं, ते चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या दारात, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात खेळण्यासाठी. कशालाही न टेकता उभा राहील असा त्या खेळांचा बांधा आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि त्या काळात ‘लोकनाट्य’ हे नाव रुळलं. नाव बदललं, पण हलगी तीच राहिली. दुसऱ्या वर्षी आम्ही खेळ किन्हवलीकडच्या एका पाड्यावर आंब्याखाली केला. तीन बाजूंनी माणसं, चौथ्या बाजूला बैल. सोंगाड्या झालेल्या मुलाने सावकाराला एक प्रश्न विचारला आणि उत्तर मागून एका म्हातारीने दिलं, नाटकात नसलेलं, पण त्याहून नेमकं. मुलगा क्षणभर थांबला, तिच्याकडे वळला आणि तिचंच बोलणं धरून पुढच्या संवादात ओवलं. त्याला हे मी शिकवलेलं नव्हतं. मी बाजूला उभी राहून वही मिटली.

त्या खेळाच्या गणाबद्दल सांगायलाच हवं. पारंपरिक तमाशात गणपतीला वंदन होतं, मग गौळण, बतावणी, वग. अण्णा भाऊंनी गौळण काढली आणि गणात गणपतीच्या जागी मायभूमी, शिवराय, हुतात्मे आणले. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा मुरबाडकडच्या एकाने विचारलं, “मग आपले घालायचे का?” आपले म्हणजे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना दोघं हुतात्मा झाले. मुरबाडच्या पोराला हे पाठ्यपुस्तकातून शिकावं लागत नाही. आमच्या गणात आता ती दोन नावं आहेत. मला वाटतं, अण्णा भाऊंनी ही मोकळीक मुद्दाम ठेवली असावी. पाठांतर करून करायचा हा खेळच नव्हे.

४. सावकार गेला असं मी समजत होते. ‘अकलेची गोष्ट’ १९४५च्या आसपासचं. त्याच वर्षी जानेवारीत आमच्या शेजारी, टिटवाळ्याला, किसान सभेची परिषद भरली होती आणि ठाणे जिल्ह्यातल्या वेठबिगारीविरुद्धचा लढा तिथून पेटला. मला वाटे, हा सगळा इतिहास मुलांना समजावून द्यावा लागेल. तालमीत मी विचारलं, “सावकार म्हणजे कोण, माहीत आहे का?” एक मुलगी म्हणाली, “भट्टीचा शेठ.” मग तिने हिशोब मांडला. पावसात घर चालवायला उचल घ्यायची, दिवाळीनंतर भट्टीवर जायचं, आठवड्याला खर्ची मिळते ती बाजारात संपते, जूनमध्ये हिशोब होतो तेव्हा विटा कमी आणि उचल जास्त निघते. उरलेली पुढच्या दिवाळीला. सातवीतली मुलगी, कागद न घेता बोलली. मी तो सगळा हिशोब तसाच्या तसा बतावणीत घेतला.

५. ‘माझी मुंबई’ आम्ही केलं तेव्हा घाबरत केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या काळातलं लोकनाट्य, मुंबई कुणाची हा सवाल त्याच्या मध्यावर. पन्नास-साठ वर्षांनी कोणाला काय वाटणार? प्रयोग एप्रिलमध्ये, भट्टीवर न गेलेल्या मोठ्या मुलांचा. सवाल पडला आणि प्रेक्षकांतून एक गृहस्थ उठून म्हणाले, “मुंबई आमची. पाणी आमचं हाय.” कोणी हसलं नाही. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतं, ते शहापूर तालुक्यात. मुंबईला पाजणाऱ्या सात तलावांतला सर्वांत मोठा भातसा, तोही इथलाच. आणि त्याच एप्रिलमध्ये प्रयोगाच्या पाड्यावर टँकर दोन दिवसांआड येत होता. रांगेतले हंडे तसेच ठेवून बायका नाटकाला आल्या होत्या. अण्णा भाऊंनी हा सवाल गिरणी कामगाराच्या बाजूने विचारला होता. मुंबई कष्टाने उभी केली ती कोणी, असा. आमच्याकडे त्याला पाण्याची बाजू जोडली गेली आणि सवाल जराही मोडला नाही. जुनं नाटक नव्या गावात नेलं की त्याचा खरा जीव कळतो. हे मला कोणत्याही समीक्षेतून कळलं नव्हतं.

६. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड इथे वेगळी ऐकू येते. मुंबईला गेलेल्या पुरुषाची मैना गावी राहते. वीटभट्टीला मात्र नवरा-बायको जोडीने जातात, लेकरं पाठीवर. गावावर राहते ती आजी. छक्कड चालू असताना पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावला तेव्हा मला हे कळलं.

७. सगळंच रंगमंचावर आणता येत नाही. ‘स्मशानातील सोनं’ या कथेचं मी नाट्यरूपांतर करायला घेतलं होतं. वारणेकाठचा भीमा मुंबईत येतो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो, खाण बंद पडते, मग तो पोटासाठी प्रेतं उकरून राखेतलं आणि मातीतलं सोनं शोधू लागतो. त्यात बोटं गमावतो आणि तेव्हाच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. तालमीला दगडखाणीत काम करणारे एक दादा भीमा होते. शेवटच्या प्रसंगात त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. मला महिनाभर ते माहीत नव्हतं, कारण हात ते कायम टॉवेलाखाली ठेवत. मी म्हटलं, “दादा, हा प्रसंग राहू द्या.” ते म्हणाले, “नाही बाई, हाच करायचा. बाकीचं सोडा.” आम्ही बाकीचं सोडलं. कथा मी वाचून दाखवली आणि शेवटाला ते फक्त उठून उभे राहिले. माझ्या आयुष्यात याहून मोठं नाट्य मी पाहिलेलं नाही.

८. स्थलांतर केलेला माणूस गाव सोडत नाही. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत बसून अण्णा भाऊंनी जे लिहिलं, त्यातलं किती वारणेच्या खोऱ्यातलं आहे! ‘फकिरा’ तिथला, ‘वारणेचा वाघ’ तिथला. ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. तीसहून जास्त कादंबऱ्या, कथा, पोवाडे, लोकनाट्यं, रशियाचं प्रवासवर्णन, आणि १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात मृत्यू, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, गरिबीत. पुढे टपाल तिकीट निघालं, मॉस्कोत पुतळा उभा राहिला. मला आनंदच आहे. पण त्यांना नुसतं वेदनेचे लेखक म्हणतात तेव्हा मी भांडते. माणसाला एका जागी धरून कसं ठेवायचं, कुठे हसवायचं आणि हसता हसता कुठे थांबवायचं, ही कारागिरी त्यांच्याइतकी फार थोड्यांना साधली. आमच्या मुलांना ती ऐकून कळते. समीक्षकांनी निदान एकदा मातीत बसून ही लोकनाट्यं बघावीत.

आणि एक विनंती. ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ यांच्या जुन्या पुस्तिका कोणाच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत असतील, तर झेरॉक्सपुरत्या द्या, परत आणून देईन. यंदाचा प्रयोग दसरा आणि दिवाळी यांच्यामध्ये आहे, दिवसा भातकापणी आणि रात्री तालीम. तारीख पुढे ढकलता येणार नाही, कारण दिवाळी झाली की आमचे नट भट्टीवर जातात.