चिंधी, चामडे आणि वही : कल्याण परिसरातील एक संभाव्य कुटीरोद्योग

कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारपेठेत जात असे. या व्यापारी मार्गाचा इतिहास सातवाहन काळापर्यंत मागे जातो, आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत आजही वाचावयास मिळतात. पुढे मध्ययुगात याच जुन्नरने हातकागदासाठी लौकिक मिळविला. पेशवाईच्या दफ्तरखान्यात जुन्नरी कागदाला मान होता. दौलताबादेनजीकच्या कागजीपुऱ्यातही कागदी समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय करीत आली. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलेली मोडी कागदपत्रे दोनशे-अडीचशे वर्षांनंतरही उलगडून वाचता येतात. चिंध्यांपासून केलेल्या कागदाच्या टिकाऊपणाचा याहून मोठा दाखला कोणता असणार?

यंत्राच्या कागदापुढे हा व्यवसाय मागे पडला. १९३४ साली वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातकागदाच्या पुनरुज्जीवनाचा विचार सुरू झाला. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. तिचे उद्‌घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. या संस्थेचा कागद आजही रेखाचित्रे, प्रमाणपत्रे, निमंत्रणपत्रिका व वह्या यांसाठी वापरला जातो. हातकागदाची पाने आणि चामड्याचे वेष्टन असलेल्या वहीला अलीकडे शहरी ग्राहकांची मागणी आहे. कल्याण-डोंबिवली व ठाणे परिसरातील बचतगटांना हा उद्योग हाती घेता येईल काय, आणि घेतल्यास तो कोणत्या कारणांनी फसतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कच्चा माल हाताशी

हातकागदासाठी झाड तोडावे लागत नाही. सुती कापडाचे, विशेषतः होजिअरीचे, शिवणकामातून उरलेले तुकडे हा त्याचा मुख्य कच्चा माल होय. तुकडे निवडून, बारीक कातरून, पाण्यासह यंत्रात कुटले की त्यांचा लगदा होतो. हा लगदा हौदातील पाण्यात पसरून जाळीच्या साच्याने उचलतात. साच्यावर बसलेला थर कापडावर उलटवून दाबयंत्राखाली पाणी काढतात, मग ताव वाळवितात, त्याला खळ देतात आणि घोटून गुळगुळीत करतात. पूर्वी हे घोटण्याचे काम अकीकाच्या दगडाने होत असे.

कल्याणच्या एका बाजूस उल्हासनगरचे शिवणकाम आणि दुसऱ्या बाजूस भिवंडीचे यंत्रमाग आहेत. तेथे निघणाऱ्या चिंध्यांपैकी निव्वळ सुती तेवढ्याच कागदास उपयोगी पडतात. कृत्रिम धाग्याचे मिश्रण असलेल्या चिंधीचा लगदा होत नाही. एक धागा ओढून जाळून पाहावा. सुताची राख मऊ होते, कृत्रिम धाग्याची कडक गोळी बनते. ही परीक्षा शाळेतील मुलांनाही करून दाखविता येईल.

तथापि एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कागद करण्यास पाणी पुष्कळ लागते, आणि वापरलेले पाणी शुद्ध करूनच सोडावे लागते. वालधुनी नदीची अवस्था पाहिलेल्या या परिसराला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून चाळीतील खोलीत किंवा सदनिकेत कागद करण्याचा मोह टाळावा. कागद पुण्यासारख्या ठिकाणच्या मान्यताप्राप्त केंद्रातून विकत आणावा आणि कल्याणात बांधणी करावी, हा विभाग व्यवहार्य आहे. बांधणीस लागतात फक्त एक मेज, थोडी हत्यारे आणि सरावलेला हात.

चामड्याची निवड

धारावीत पिशव्या, पाकिटे व पट्टे तयार होतात. त्यांतून उरलेले तुकडे वजनावर मिळतात. कल्याणहून शीव स्थानकापर्यंत लोकलने जाऊन हा माल पिशवीतून आणता येतो. वहीसाठी शेळीचे किंवा म्हशीचे मऊ, सुमारे एक ते दीड मिलिमीटर जाडीचे चामडे पुरते. बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यावर ठसा चांगला उठतो आणि वापराने त्याचा रंग खुलतो. क्रोमने कमावलेले चामडे मऊ व स्वस्त असते, परंतु ठसा तितका धरीत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू आहे. त्यामुळे माल कोणत्या जनावराचा आहे हे विचारून, पावतीसह घेणे अगत्याचे ठरते.

ज्यांना चामड्याचा वापर नको असेल त्यांच्यासाठी जुनी जाड साडी, जीनच्या कापडाचे तुकडे किंवा खादी यांची वेष्टने करता येतात. पद्धत तीच राहते.

बांधणीची रीत

हातकागदाचा ५६ × ७६ सेंटिमीटरचा एक ताव घेतला, तर त्यातून १४ × १९ सेंटिमीटरची १६ पाने निघतात. सहा तावांत ९६ पानांची, म्हणजे १९२ पृष्ठांची वही होते. चार दुपानी कागद एकात एक घालून घडी केली की आठ पानांचा एक जुज होतो. अशा बारा जुजांची ही वही होय.

प्रत्येक जुजाच्या घडीवर टोच्याने सारख्या अंतरावर पाच छिद्रे पाडावीत. त्यासाठी पुठ्ठ्याची एक खुणेची पट्टी करून ठेवावी. अंदाजाने पाडलेली छिद्रे पुढे जुळत नाहीत. मेण लावलेल्या सुती दोऱ्याने जुज घडीतून शिवावेत आणि दोन्ही टोकांना साखळी टाक्याने मागच्या जुजाशी अडकवावेत. चामड्याच्या कडा रापीने पातळ करून मगच दुमडाव्यात, नाहीतर कोपरे फुगतात. अस्तराचा कागद खळीने चिकटवून वही रात्रभर वजनाखाली ठेवावी. खळीत चिमूटभर मोरचूद घातल्यास कीड लागत नाही. मात्र तो विषारी असल्याने स्वयंपाकाच्या भांड्यांपासून व मुलांपासून दूर ठेवावा.

वही विक्रीस ठेवण्यापूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात. वही मधोमध उघडून मेजावर ठेवली असता सपाट राहिली पाहिजे. एक पान धरून वही उचलली असता ते सुटता कामा नये. शाईच्या पेनाने लिहिले असता शाई फुटता कामा नये. फुटली तर कागदाला खळ अपुरी दिली आहे असे समजावे व पुरवठादाराकडे तक्रार करावी. दोरा न वापरता नुसत्या डिंकावर चिकटविलेल्या वह्या दिसायला सारख्याच दिसतात, पण दोन महिन्यांत त्यांची पाने गळू लागतात. असा अनुभव घेतलेला ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही.

ठाणे जिल्ह्यातील पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते. तयार माल प्लास्टिकच्या पिशवीत बंद न करता सुती कापडात गुंडाळून, हवेशीर फळीवर ठेवावा.

किंमत ठरविताना

बचतगटांच्या प्रदर्शनांत चामडी वह्या दिसतात. पुष्कळदा त्यांवर ३५० रुपयांच्या आसपास किंमत असते, आणि तरीही गटाच्या हिशेबात शिल्लक राहत नाही. असे का होते, हे एका उदाहरणाने पाहू. पुढील दर केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येक गटाने आपल्या बाजारातील दर घालून हा हिशेब मांडावा.

सहा ताव कागद प्रत्येकी २५ रुपयांप्रमाणे १५०. एक चौरस फूट चामडे ११०. दोरा, खळ, अस्तर २०. वीस वह्यांत एक वाया जाते असे धरून १४. एकूण माल २९४ रुपये. जागा, वीज व प्रवास यांचा वाटा ३६. म्हणजे ३५० रुपयांतून उरतात २० रुपये, आणि एका वहीस अडीच तास लागले असतील तर ताशी मजुरी पडते ८ रुपये. जी भगिनी घरकाम आटोपून अडीच तास मान वाकवून शिवते, तिच्या श्रमांची ही किंमत होय. वही विकली गेली याचा आनंद होतो, पण विकली गेली ती तिची मजुरी.

ताशी ८० रुपये मजुरी धरली तर त्याच वहीचा खर्च ५३० रुपये होतो. पुढील मालासाठी ६० रुपये राखले तर ५९०. दुकानदार ३० टक्के अडत घेत असेल, तर विक्रीची किंमत ८५०च्या खाली ठेवता येत नाही, कारण २५५ रुपये अडत जाऊन गटाच्या हाती ५९५ येतात. आपल्या मांडवात वही स्वस्त विकावी असे वाटते. परंतु दोन किमती झाल्या की दुकानदार माल ठेवणे बंद करतो.

८५० रुपयांची वही प्रत्येक जण घेणार नाही, हे उघड आहे. म्हणून कापडी वेष्टनाची, निम्म्या पानांची, लहान आकाराची वहीही सोबत ठेवावी. मजुरी कापून किंमत उतरविण्यापेक्षा माल व श्रम कमी लागणारी वस्तू करणे हा सरळ मार्ग आहे.

शासकीय साहाय्य

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून अशा उद्योगांना कर्जाशी निगडित अनुदान देण्यासाठी सुरू झाले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकाम करणारे कारागीर समाविष्ट आहेत. तीत प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद करण्यात आली. चर्मकार समाजातील कारागिरांसाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळही आहे. अर्जापूर्वी प्रचलित अटी संबंधित कार्यालयात पडताळून घ्याव्यात.

येथे एक सामाजिक बाब नमूद करणे आवश्यक वाटते. रापी व आरी यांचे ज्ञान ज्या समाजाने शतकानुशतके जपले, त्याला त्या ज्ञानाबद्दल मान मिळाला नाही. आज सर्व समाजांच्या स्त्रिया चामडी वह्या शिकू पाहतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु प्रशिक्षण वर्गात शिक्षक म्हणून गावातील अनुभवी चर्मकारास बोलवावे आणि त्यास इतर प्रशिक्षकांइतकेच मानधन द्यावे. कला घेतली आणि कारागिराला दाराबाहेर ठेवले, असे होऊ नये.

शाळा व पंचायती यांचे कार्य

शिक्षकांना या उद्योगाची सुरुवात विनाखर्च करता येईल. कार्यालयांत व शाळांत पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे रद्दीत जातात. त्यांच्या घडीच्या वह्या शिवण्यास मुलांना शिकवावे. मात्र ज्यांवर कोणाचे नाव, गुण, आधार क्रमांक किंवा दूरध्वनी क्रमांक असेल असे कागद आधी वेगळे काढून नष्ट करावेत.

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील पंचायत सदस्यांनीही आपल्या कपाटाकडे एकदा पाहावे. ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने ठेवावे लागतात, आणि सतत हाताळल्या जाणाऱ्या नोंदवह्यांच्या पाठी पावसाळ्यात सुटतात. त्यांची दुरुस्ती व नवी बांधणी स्थानिक गटाकडे नियमानुसार सोपविली, तर गटाला वर्षभर थोडेथोडे काम मिळेल. भेटवस्तूंची मागणी दिवाळी व नववर्ष या काळात असते. नोंदवह्यांचे काम बारमाही आहे. गट टिकतो तो अशा बारमाही कामावर.

प्रशिक्षण वर्ग किती झाले व प्रमाणपत्रे किती वाटली, याची नोंद अहवालात होतेच. त्याच अहवालात आणखी एक रकाना असावा : एका वर्षानंतर किती जणी हे काम करीत आहेत आणि त्यांना ताशी किती रुपये सुटतात. हा रकाना प्रामाणिकपणे भरला गेला, तर पुढचा वर्ग कसा घ्यावा हे निराळे सांगावे लागणार नाही.